सहा गेली, सहा आली

माझी धाकटी आत्ती विमानं मोजायची. कुणी सांगितलं होतं म्हणून नव्हे. बेळगावजवळच्या सांबऱ्यात, धावपट्टीपासून हाकेच्या अंतरावर आमचं रान होतं. १९६१ च्या डिसेंबरात ती पंधरा वर्षांची होती आणि सकाळी हरभऱ्याची भाजी खुडायला रानात जायची. त्या महिन्यात सांबऱ्याला एकदम वर्दळ वाढली. गावात चर्चा एकच, पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याची. १८ तारखेच्या सकाळी विमानं उठली, दोन-दोन करून डोक्यावरून गेली आणि पश्चिमेला सह्याद्रीकडं वळली. ओटीतली भाजी तशीच धरून आत्तीनं बोटांवर मोजली. सहा. मग ती बांधावर बसून राहिली. विमानं परत आली तेव्हा पुन्हा मोजली. सहा. घरी येऊन तिनं आईला एवढंच सांगितलं, “गेलीत तेवढी आलीत बघ.”

आईनं उत्तर दिलं नाही. थोरली लेक गोव्यात दिली होती. घर सांताक्रूझला. तिथून वर चढलं की बांबोळीचं पठार.

ती सहा विमानं ‘हंटर’ होती. हे नाव मला पुढं कितीतरी वर्षांनी वाचनात सापडलं आणि मग या विमानाचा मी नाद घेतला. त्याची यांत्रिक माहिती पुस्तकांत भरपूर मिळते. मला हवं होतं ते खालून पाहिलेलं हंटर. ते डोक्यावरून गेलं तेव्हा खाली कोण होतं, त्याला काय दिसलं, काय ऐकू आलं.

हंटर हे इंग्लंडच्या हॉकर कंपनीचं अपत्य. सिडनी कॅम यांनी ते रेखलं, नेव्हिल ड्यूक यांनी २० जुलै १९५१ रोजी पहिल्यांदा उडवलं. एकच रोल्स-रॉइस इंजिन, मागं वळलेले पंख, नाकाखाली ३० मिलिमीटरच्या चार तोफा. दिसायला इतकं नेटकं की लढाऊ विमानांना नावं ठेवणारेही त्याच्यापुढं गप्प होतात. ७ सप्टेंबर १९५३ रोजी ड्यूक यांनी लाल रंगवलेल्या हंटरमधून जगातला वेगाचा विक्रम केला, ताशी सुमारे ११७१ किलोमीटर. हा विक्रम उंच आभाळात झालेला नाही. त्या काळच्या नियमानं मोजणीसाठी विमान जमिनीलगत उडवावं लागे, म्हणून इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर समुद्राच्या पाण्यावरून ते सपासप नेलं. उड्डाण टँगमिअर या तळावरून झालं होतं. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे. एकंदर १९७२ हंटर बनली. भारतानं १९५७ मध्ये १६० मागवली आणि पुढं आणखी घेतली. आपल्या हवाई दलातून शेवटची हंटर निवृत्त झाली ती २००१ मध्ये.

खालच्या माणसाच्या बाजूनं एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. ताशी ९०० किलोमीटरनं येणारं विमान सेकंदाला २५० मीटर कापतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. विमान एक किलोमीटरवर असताना निघालेला आवाज तुमच्यापर्यंत यायला तीन सेकंद घेतो आणि विमान चार सेकंदांत डोक्यावर असतं. उरला एक सेकंद. त्यातही जेटचा खरा गडगडाट मागच्या झोताकडून पसरतो, पुढं फारसा येत नाही. आणि विमान झाडांच्या उंचीशी सलगी करत येत असेल तर घरं, टेकाडं, माड तो आवाज आणखी अडवतात. त्यामुळं येणारं विमान ऐकू येतच नाही, आलेलंच ऐकू येतं. मान वर होते तोवर शेपटी दिसते.

हंटरचं आणखी एक वैशिष्ट्य होतं. वेगात असताना त्यातून एक लांब, खालच्या पट्टीतला हुंकार निघे. इंग्रज शौकिनांनी त्याला ‘ब्लू नोट’ म्हटलंय. तोफांच्या उघड्या तोंडांवरून हवा जाताना तो निघतो, असं सांगतात. माझ्या थोरल्या आत्तीनं हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. त्या सकाळचं विचारलं की ती म्हणायची, “कोणीतरी मोठ्या बाटलीच्या तोंडावर फुंकलं बघ.”

सांबऱ्याहून बांबोळी सरळ रेषेत नव्वदेक किलोमीटर. आज चोर्ला घाटानं गाडीला तीनेक तास लागतात. हंटरला सात-आठ मिनिटं. म्हणजे धाकटीनं ओटीतली भाजी सावरून सहा आकडा पुरा केला आणि ती बांधावर टेकते न टेकते तोच थोरलीच्या घरावरून तो हुंकार गेला असणार. १९५५ नंतर गोव्याची नाकेबंदी कडक झाली होती. थोरली बाळंतपणालाही माहेरी येऊ शकली नव्हती, पत्रंही आडवळणानं यायची. सहा-सात वर्षांत दोघी बहिणींना जोडणारी सर्वांत जलद गोष्ट ती हीच.

बांबोळीच्या पठारावर पोर्तुगीजांचं बिनतारी केंद्र होतं. हंटरांनी रॉकेटं आणि तोफा चालवून ते बंद पाडलं. त्याच दिवशी पुण्याहून आलेल्या बारा कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड वजनाचे बॉम्ब टाकले. त्यांचं नेतृत्व विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्याकडं होतं. धावपट्टी फोडायची, पण विमानतळाची इमारत आणि उभी असलेली विमानं यांना धक्का लावायचा नाही, असा बेत होता. तो पाळला गेला आणि त्यातून एक मजेशीर गोष्ट घडली. दाबोळीवर पोर्तुगीजांची दोन मोठी प्रवासी विमानं शाबूत राहिली. रात्री धावपट्टीची उरलीसुरली लांबी वापरून ती उठली आणि कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून खालून-खालून उडत कराचीला निसटली. त्या दिवसाचं सगळ्यांत धाडसी खालचं उड्डाण कुणाचं, असं कुणी विचारलं तर मी बिचकत का होईना, पळून जाणाऱ्यांचं नाव घेईन. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. बांबोळीला आज गोवा मेडिकल कॉलेज आहे.

हल्ल्याच्या वेळी थोरली कुठं होती? पलंगाखाली. दोन पोरं पोटाशी, सासू शेजारी, आणि सासूच्या तोंडी देवाचं नाव. तिनं एकही विमान पाहिलं नाही. दाबोळीचे धमाके खाडीपलीकडून आले तेव्हा भिंतीवरची तसबीर वाकडी झाली. मुक्तीनंतर कैक वर्षं ती तशीच वाकडी होती, हे मी लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय.

आता टँगमिअर. गोव्यानंतर सव्वासहा वर्षांनी, ५ एप्रिल १९६८ रोजी, याच तळावरून ब्रिटिश हवाई दलाच्या एक नंबर स्क्वाड्रनची हंटरं आपल्या घरच्या तळाकडं, वेस्ट रेनमला निघाली. त्यात फ्लाइट लेफ्टनंट ॲलन पोलॉक होते. चारच दिवसांपूर्वी त्यांच्या हवाई दलाला पन्नास वर्षं पूर्ण झाली होती आणि लंडनवरून मानवंदनेचं एकही उड्डाण झालं नव्हतं. सरकारचा हात आखडता होता. त्याच जानेवारीत एफ-१११ विमानांची मागणी रद्द झाली होती. वैमानिकांत खदखद होती. पोलॉक यांनी तुकडीतून अंग काढून घेतलं आणि ते एकटेच थेम्सच्या पात्रावरून लंडनमध्ये शिरले. भर दुपारी बाराच्या सुमारास पार्लमेंटभोवती तीन घिरट्या घातल्या. नदीकाठच्या हवाई दलाच्या स्मारकाला पंख कलवून सलाम केला. आणि मग समोर टॉवर ब्रिज आला.

पुलाचा बेत आधी नव्हता, असं त्यांनी पुढं सांगितलंय. वरून जाणं सोपं होतं. पण खालचा रस्ता आणि वरचा पादचारी पूल यांच्यामधली मोकळी जागा दिसली आणि निर्णयाला काही सेकंदच मिळाले. दोन बुरुजांमधलं अंतर सुमारे ६१ मीटर. हंटरच्या पंखांचा पसारा दहा मीटरच्या थोडा वर. आकड्यांत जागा भरपूर वाटते. सेकंदाला दीड-दोनशे मीटर कापणाऱ्याला ती सुईच्या नेढ्याएवढी असणार. वरच्या तुळया शेपटीचं उभं पातं काढून नेतात की काय, असं त्यांना आत शिरताना वाटलं होतं. पुलावर त्या वेळी रहदारी चालू होती. त्यात एक दुमजली बसही होती.

१९१२ मध्ये फ्रँक मॅकक्लीन यांनी पंख्याचं विमान याच पुलातून नेलं होतं. जेट घेऊन जाणारे पोलॉक पहिले. उतरल्यावर त्यांना अटक झाली, पण लष्करी खटला चालला नाही. प्रकृतीचं कारण देऊन त्यांना नोकरीतून काढलं. बाजू मांडायची संधी हुकली. मला हा माणूस आवडतो, हे लपवण्यात अर्थ नाही. ज्याला आपलं म्हणणं सांगायला दुसरी जागा उरली नाही त्यानं पुलामधली जागा घेतली. पण त्यांच्याविषयी वाचताना त्या बसमधली माणसं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. त्यांनी कशाचाही निषेध केलेला नव्हता. ती तिकीट काढून बसली होती.

वाळवंटात चित्र उलटं. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री राजस्थानातल्या लोंगेवाला चौकीवर पाकिस्तानचे रणगाडे चालून आले. चौकीत मेजर कुलदीपसिंग चांदपुरी आणि त्यांचे सुमारे एकशेवीस जवान. जैसलमेरच्या तळावर हंटर होती, पण त्यांना रात्री लढण्याची सोय नव्हती. म्हणजे रात्रभर चौकीला सूर्याचीच वाट पाहायची होती. उजाडलं आणि हंटर आली. लष्कराच्या छोट्या ‘कृषक’ विमानातून मेजर आत्मासिंग त्यांना लक्ष्य दाखवत होते. उघड्या वाळूत रणगाड्यांना लपायला काहीच नव्हतं. धुरळ्याचा पडदा व्हावा म्हणून रणगाडे गरगर फिरू लागले. हंटरच्या कॅमेऱ्यातून टिपलेलं तेव्हाचं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. वाळूवर चाकोऱ्यांची वेटोळी दिसतात, लहान मुलानं पाटीवर रागानं पेन्सिल फिरवावी तशी. लढाई पाहायची तर मी कुठल्याही वर्णनाआधी ते छायाचित्र पाहीन. त्या वेटोळ्यांत आत बसलेल्या माणसाची घालमेल सरळ उमटलीय.

बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखा तोच हुंकार, एकाच ठिकाणी, एकाच मिनिटाला. चौकीतल्या जवानाला तो सुटकेचा, शेपन्नास पावलांवरच्या रणगाड्यातल्याला काळाचा.

एक गोष्ट टाळून पुढं जाता येत नाही. २२ ऑगस्ट २०१५ रोजी इंग्लंडच्या शोरम विमानतळावर हवाई कसरती चालू होत्या. टँगमिअरपासून हे गाव तीसेक किलोमीटर, त्याच किनारपट्टीवर. एका जुन्या हंटरनं वर जाऊन उलटी गिरकी घ्यायला सुरुवात केली. गिरकीच्या माथ्यावर ते किमान ३५०० फुटांवर हवं होतं. ते २७०० फुटांच्या आसपासच पोचलं. खाली यायला जागा पुरली नाही. विमान शेजारच्या ए-२७ महामार्गावर कोसळलं आणि अकरा माणसं गेली. वैमानिक वाचला, पुढं खटल्यात निर्दोष सुटला. मेलेल्यांपैकी तिकीट काढून मैदानात बसलेला एकही नव्हता. सगळे बाहेरच्या रस्त्यावरचे, कुणी वाटेनं निघालेलं, कुणी कडेला थांबून मान वर करून पाहणारं. त्या अपघातानंतर ब्रिटनमध्ये जमिनीवरून उडणाऱ्या जुन्या जेट विमानांच्या कसरतींना चाप बसला. हंटर पाहायला मिळावं म्हणून हळहळणाऱ्यांत मीही आहे, पण तो चाप मला योग्य वाटतो.

गोवा मोकळा झाल्यावर थोरली माहेरी आली. दोघी बहिणींनी त्या सकाळचा हिशेब मांडला असणार, असं मला नेहमी वाटायचं. तसं काही झालं नव्हतं. धाकटीनं आकडा सांगितला, थोरलीनं बाटलीचं सांगितलं, आणि मग त्या पोरांच्या अंगड्या-टोपड्यांवर गेल्या. ‘तू ज्यांना मोजत होतीस त्यांच्या भीतीनं मी पलंगाखाली होते,’ असं थोरली कधी म्हणाली नाही.

१९९७ मध्ये लोंगेवालावरचा ‘बॉर्डर’ लागला तेव्हा थोरली बेळगावात होती. घरातले सगळे मिळून थिएटरात गेलो. पहाट होते, विमानं येतात, आणि अख्खं थिएटर उठून शिट्ट्या मारायला लागतं. मीही मारत होतो. शेजारी पाहिलं तर थोरलीनं मान खाली घालून पदर कानाशी धरला होता. पलीकडं धाकटीची बोटं चालू होती. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, आणि वैतागून ती माझ्याकडं वळली.

“परत-परत तीच दाखवाय लागल्यात रे. मोजायचं तरी कसं?”