ग्रँट डफनंतर

मराठी राज्य बुडून जेमतेम आठ वर्षे झाली होती, तेव्हा म्हणजे 1826 साली जेम्स ग्रँट डफने लंडनमध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. साताऱ्याचा कारभार त्याने स्वतः पाहिलेला. सत्ता हाती असल्यामुळे छत्रपतींच्या दप्तरापासून सरदार घराण्यांच्या कागदांपर्यंत त्याची पोच होती, आणि त्याची मेहनतही नाकारता येत नाही. पण मराठ्यांचा उदय त्याने सह्याद्रीतल्या वाळक्या गवताला लागलेल्या वणव्यासारखा मांडला. वणव्याला हेतू नसतो, राज्यकारभार नसतो. ही दृष्टी मराठी भाषांतरातून इथल्या विद्यार्थ्यांपर्यंत गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकली.

तिला पहिला जाहीर विरोध 1867 साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने पुण्यात केला. न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात वणव्याची उपमा खोडून काढली आणि संतांनी घडवलेल्या समाजजागृतीत स्वराज्याची मुळे शोधली. माझ्या मते मात्र खरा पालट वि. का. राजवाड्यांनी घडवला. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 साली निघाला. त्यात 1750 ते 1761 या काळातली अस्सल पत्रे होती. पानिपतचे वर्णन तोवर काशीराज पंडिताच्या आठवणींवर आणि बखरींवर उभे होते. आता स्वारीतली माणसे त्या त्या दिवशी काय लिहीत होती, ते वाचकाच्या समोर आले.

चुकांचा सगळा दोष इंग्रजाच्या माथी मारणे मला पटत नाही. शिवाजी महाराजांचा जन्म डफने 1627 सालचा दिला, आणि आपल्याकडच्या उत्तरकालीन बखरीही तेच सांगत होत्या. लोकमान्य टिळकांनी 1916 साली जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात शके 1551, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630 ही तिथी होती. ती राज्य सरकारने अधिकृत मानायला एकविसावे शतक उजाडले. परक्याचा पूर्वग्रह दिसतो तरी. घरच्या बखरीतली चूक भक्तीच्या आड लपते, म्हणून ती काढणे अधिक कठीण जाते.

राजवाडेही यातून सुटत नाहीत. पानिपतच्या अपयशाचे खापर त्यांनी मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत बुंदेल्यांवर फोडले. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी त्या लढाईचा सगळा प्रश्न नव्याने तपासला आणि राजवाड्यांचेही मत जसेच्या तसे स्वीकारले नाही. गुरुस्थानी असलेल्या माणसाला असे प्रश्न विचारण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते. गोव्यात पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दप्तरे उलगडली, त्यामुळे मराठ्यांच्या शेजाऱ्याची बाजूही कागदावर आली.

पुण्याचे पेशवे दप्तर मात्र सरकारने संशोधकांसाठी फार काळ बंदच ठेवले होते. गो. स. सरदेसायांनी 1930 नंतरच्या काही वर्षांत त्यातल्या निवडक कागदांचे 45 खंड काढले. निवड अर्थातच राजकारणाची झाली: मोहिमा, तह, कारस्थाने. गावचे जमाखर्च, वतनांचे तंटे, कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी बहुतांशी दप्तराच्या रुमालांतच बांधलेल्या राहिल्या. डफने ज्यांना वणव्यातल्या ठिणग्या मानले, त्या माणसांचे रोजचे जगणे नेमके याच कागदांत आहे, आणि ते मोडी लिपीत आहे. मराठ्यांच्या इतिहासात एम. ए. करणाऱ्या प्रत्येकाला मोडी वाचनाची परीक्षा सक्तीची करावी, अशी माझी विद्यापीठांकडे मागणी आहे.