झाकण मिटलं, पण लॅपटॉप झोपला का?

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. ती बातमी शिळी झाली, पण तिची खरी झळ आता सेकंडहँड बाजारात दिसते आहे. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचे जवळजवळ सगळे लॅपटॉप विंडोज ११ च्या यादीबाहेर पडले. थिंकपॅड टी-४७०, डेलचा लॅटिट्यूड ७४८०, एचपीचा एलिटबुक ८४० असे ऑफिसात राबलेले, अंगाने दणकट लॅपटॉप नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळतात. घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहून ऐरोलीला कॉलेज करणाऱ्या मुलाला यापेक्षा चांगला सौदा नाही. वर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकलं की झालं.

मग पहिली तक्रार ठरलेली असते. झाकण मिटून लॅपटॉप सॅकमध्ये टाकला, ठाणे लोकल पकडली, आणि दुपारी उघडला तर सॅक गरम आणि बॅटरी तळाला. ‘लिनक्सला झोपता येत नाही’ असा निकाल लगेच लागतो. हा निकाल मला मान्य नाही. उलट भंगारात काढलेले हे जुने लॅपटॉपच लिनक्सवर बहुधा नीट झोपतात. झोप बिघडली आहे ती नव्यांची, आणि ती बनवणाऱ्यांनी बिघडवली.

लॅपटॉपच्या झोपेचे दोन प्रकार आहेत. जुन्या प्रकारात, म्हणजे एस-थ्रीमध्ये, प्रोसेसरची वीज तुटते आणि फक्त रॅम जागती राहते. नव्या प्रकाराला विंडोजच्या जगात मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. त्यात मशिन प्रत्यक्षात चालूच असतं. प्रत्येक भागाने आपापलं काम थांबवून स्वस्थ बसावं एवढीच अपेक्षा असते. एसएसडी, वायफाय, यूएसबी यांतल्या एकानेही हट्ट केला, तर सगळंच जागं राहतं. विंडोजवालेही बॅगेत तापलेल्या लॅपटॉपची तक्रार करतात ती याचमुळे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपांत एस-थ्री उरलेलंच नाही. २०१८ मध्ये थिंकपॅड एक्स-वन कार्बनच्या सहाव्या आवृत्तीतून लेनोवोने ते काढलं होतं. लिनक्स वापरणाऱ्यांनी इतका आरडाओरडा केला की त्याच वर्षी बायॉसमध्ये ‘स्लीप स्टेट’ या नावाखाली ‘लिनक्स’ असा पर्याय द्यावा लागला. ओरडल्याने फरक पडतो, हे ग्राहकांनी लक्षात ठेवावं.

या दुखण्याचं मूळ मात्र आणखी मागे आहे. वीजव्यवस्थापनाचा एसीपीआय हा करार १९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून आणला. मशिनच्या फर्मवेअरने ऑपरेटिंग सिस्टिमशी कसं बोलायचं, ते त्यात ठरतं. जानेवारी १९९९ मध्ये बिल गेट्स यांनी सहकाऱ्यांना एक ईमेल लिहिला. मेहनत आपण करायची आणि लिनक्स आयतं चालायचं, हे बरं नाही. एसीपीआयमधल्या या गोष्टी विंडोजपुरत्या ठेवता येतील का, असा त्याचा आशय. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका खटल्यात तो ईमेल पुरावा म्हणून बाहेर आला. त्या विचारावर कुणी पुढे काही केल्याचं त्यातून सिद्ध होत नाही. करायची गरजही पडली नाही. बहुतेक कंपन्या आपलं फर्मवेअर विंडोजवर तपासतात आणि तिथेच थांबतात. त्यामुळे फर्मवेअर जेव्हा ‘कोणती सिस्टिम आहे?’ असं विचारतं, तेव्हा लिनक्सचा कर्नल विंडोज असल्याचं उत्तर देतो. खरं सांगितलं तर कधीच न तपासलेल्या वाटेने जावं लागतं. राफाएल विसोत्स्की हे कर्नलच्या या भागाची वर्षानुवर्षं देखभाल करत आले आहेत. दुसऱ्यांच्या चुका झाकणारं हे काम किती चिवट असेल, याचा विचार केला की मला त्यांच्याबद्दल आदरच वाटतो.

आता झाकणाकडे वळू. झाकणाच्या कडेत एक छोटं लोहचुंबक असतं आणि कीबोर्डच्या बाजूला ते ओळखणारा सेन्सर. मनगटावर चुंबकाचा पट्टा असलेलं घड्याळ घालून टाइप करताना स्क्रीन अचानक काळी पडते ती यामुळेच. मिटलेल्या लॅपटॉपवर दुसरा उघडा ठेवला तरी तसंच होतं. सेन्सरचा निरोप कर्नलकडे, तिथून सिस्टिमडीच्या लॉगिनडी या सेवेकडे जातो. दोष शोधायचा तर सिस्टिमडीची नोंदवही, म्हणजे जर्नल, उघडा. ‘लिड क्लोज्ड’ ही ओळ आहे का? नसेल तर निरोप पोचलेलाच नाही, सेटिंग बदलून उपयोग नाही. तिच्यापाठोपाठ ‘सस्पेंड एंट्री’ आहे का? नसेल तर कुणीतरी अडवतंय. एचडीएमआयने टीव्ही जोडलेला असेल तर लॉगिनडी झाकणाकडे मुद्दाम दुर्लक्ष करतो, तो बिघाड नव्हे. केडीईसारखा डेस्कटॉप झाकणाचा कारभार स्वतःकडे घेतो. तिथे लॉगिनडीची फाइल कितीही बदला, निर्णय डेस्कटॉपच्या पॉवर सेटिंगमध्येच होतो. आणि ‘सस्पेंड एंट्री’च्या मागोमाग लगेच ‘सस्पेंड एक्झिट’ आली असेल तर कुणीतरी उठवतंय. आधी वायरलेस माउसचा रिसीव्हर काढून बघा.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर उठताना काळी स्क्रीन हा स्वतंत्र ताप आहे. निव्वळ अभ्यासासाठी लॅपटॉप घेणाऱ्याने ते कार्ड टाळावंच.

घेताना दुकानातच परीक्षा घ्या. लिनक्सचा पेनड्राइव्ह सोबत न्या, त्यावरून मशिन सुरू करा आणि टर्मिनलमध्ये सिस, त्यात पॉवर, त्यात मेम-स्लीप ही फाइल वाचा. ‘डीप’ हा शब्द दिसला म्हणजे एस-थ्री शाबूत आहे; तो चौकटी कंसात असेल तर चालूही आहे. नुसतं ‘एस-टू-आयडल’, म्हणजे फक्त झोपेचा नवा प्रकार, असेल तर बायॉसमध्ये झोपेचा पर्याय शोधा, नसल्यास भाव पाडून मागा. मग झाकण मिटून दहा मिनिटं थांबा. थिंकपॅड असेल तर झाकणावरच्या नावातला लाल ठिपका सावकाश उजळत-मंदावत राहायला हवा, पंखा गप्प हवा, तळ गार हवा. उघडल्यावर वायफाय आणि आवाज परत आले का तेही तपासा, आणि मगच पैसे द्या.