पेटलेल्या माणसाचे हस्तांदोलन

मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाने विलायती रॉक संगीताच्या तबकडीवर लिहावे, हे पुरणपोळीच्या पंक्तीत सँडविच वाढण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे. पण माझा अधिकार संगीताचा नाहीच. गिटारच्या तारांतले मला फारसे कळत नाही. मला थोडेफार कळते ते शीर्षकातले. ‘कवीने या कवितेला हेच नाव का दिले असावे?’ हा प्रश्न गेली वीस वर्षे मी वर्गात मुलांना विचारीत आलो आहे. तोच प्रश्न एका तबकडीला आणि तिच्या वेष्टनाला विचारून पाहावा, एवढाच या लेखाचा खटाटोप.

ही तबकडी ‘पिंक फ्लॉइड’ या इंग्रज संचाची. १२ सप्टेंबर १९७५ रोजी ती इंग्लंडात प्रसिद्ध झाली. तिचे नाव ‘विश यू वेअर हिअर’. आमच्या पिढीला ती भेटली कॅसेटच्या रूपात. तळहाताएवढ्या डबीवर बोटभर चित्र. पुढे एका मित्राकडे मूळ आकाराचे वेष्टन पाहायला मिळाले, तेव्हा मी गाणी ऐकायची सोडून ते चित्रच पाहत बसलो.

चित्रात दोन पुरुष आहेत. दोघेही सूट घातलेले, कचेरीतले दिसणारे. दोन्ही बाजूंना गोदामांसारख्या उंच इमारती आणि मधल्या मोकळ्या रस्त्यावर हे दोघे हस्तांदोलन करीत आहेत. एवढेच असते तर कोणी दुसऱ्यांदा पाहिले नसते. पण उजवीकडचा माणूस पेटलेला आहे! त्याच्या पाठीवरून, डोक्यावरून ज्वाळा उठताहेत. तो किंचित वाकून, अगदी अदबीने, हात पुढे करतो आहे. समोरचा माणूसही शिष्टाचार पाळून तो हात हाती घेतो आहे. ‘अहो, तुम्ही पेटला आहात’ असे त्याला सांगण्याची गरज कोणालाच वाटलेली नाही. छायाचित्राची कडसुद्धा एका ठिकाणी करपली आहे, जणू आग चित्रातून बाहेर यायला निघाली आहे.

आता या चित्राचा आणि त्या नावाचा संबंध काय?

आधी नाव घेऊ. ‘तू इथे हवा होतास’ असा त्याचा सरळ अर्थ. इंग्रज माणूस सुटीत समुद्रकाठी गेला, की तिथले चित्र असलेले पोस्टकार्ड घेऊन घरच्यांना आणि मित्रांना धाडतो आणि मागे हे तीन-चार शब्द लिहितो. मनापासून लिहितो असे नाही, लिहायची रीत म्हणून लिहितो. आपल्याकडे नाही का, पत्राच्या शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ लिहीत? ज्याच्याशी बांधावरून कोर्टकज्जा चालू, त्यालाही ‘लोभ असावा’! शब्द वापरून वापरून गुळगुळीत झालेला असतो, देवळाच्या पायरीसारखा. पण त्याच पायरीवर एखादा दिवस असा येतो, की माणूस खरोखरच डोके टेकतो. ‘लोभ असावा’ हे शब्द एखाद्या वेळी कोणी अगदी आतून लिहून जातो. या तबकडीचे सारे रहस्य इथे आहे. गुळगुळीत झालेला एक शब्दप्रयोग घ्यायचा आणि त्यात पुन्हा प्राण भरायचा.

मग हा ‘तू’ कोण? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

पिंक फ्लॉइड हा संच १९६५ मध्ये लंडनला उभा राहिला. त्याचे नाव ठेवले सिड बॅरेट या केंब्रिजच्या तरुणाने. पिंक अँडरसन आणि फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांची पहिली नावे त्याने जोडून टाकली. १९६७ च्या पहिल्या तबकडीतली बहुतेक गाणी सिडची. देखणा, कल्पक, शब्दांशी लहान मुलासारखा खेळणारा. पण त्याच वर्षात काही तरी बिनसू लागले. अमली द्रव्ये आणि मनाचा आजार यांत कारण कोणते आणि परिणाम कोणता, यावर आजही वाद आहे. रंगमंचावर तो गिटार गळ्यात अडकवून नुसता उभा राही. १९६८ मध्ये मित्रांनी त्याच्यावाचून पुढे जायचे ठरविले. त्याच्या जागी आला डेव्हिड गिल्मर, तोही केंब्रिजचाच. १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ने संचाला अमाप यश आणि पैसा मिळवून दिला. आणि हे चौघे, रॉजर वॉटर्स, गिल्मर, रिचर्ड राइट आणि निक मेसन, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत पुढच्या तबकडीसाठी बसले, तेव्हा त्यांच्या मनात आला तो सात वर्षांपूर्वी मागे राहिलेला मित्र. त्याच्यावरच्या दीर्घ रचनेचे नऊ भाग. काही तबकडीच्या आरंभी, उरलेले शेवटी. मधली तीन गाणी त्यांच्या कुशीत.

पुढचा प्रसंग मात्र एखाद्या कादंबरीकाराने लिहिला असता, तर मी ‘अतिरंजित’ असा शेरा मारला असता. ५ जून १९७५ रोजी स्टुडिओत एक स्थूल माणूस येऊन बसला. डोक्याचे केस काढलेले, भुवयासुद्धा काढलेल्या. कोणाला वाटले, स्टुडिओचाच कोणी नोकर असेल. बऱ्याच वेळाने उमगले, हा सिड! ज्याच्या नसण्यावर गाणे चालले होते, तो त्याच खोलीत येऊन बसला होता आणि जिवलगांनी त्याला ओळखले नव्हते. वॉटर्सच्या डोळ्यांत पाणी आले, असे सांगतात. त्यानंतर सिड निघून गेला. पुढे केंब्रिजला परतून चित्रे काढीत आणि बागकाम करीत तो एकांतात राहिला आणि ७ जुलै २००६ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, वारला.

हा प्रसंग वाचला, की मला आमच्या आजोळच्या एका नातलगांची आठवण येते. गणितात फार हुशार म्हणून शहरात शिकायला गेले आणि दुसऱ्याच वर्षी परत आले. कोणी विचारले तर ‘त्याची प्रकृती बरी नसते’ एवढेच सांगण्यात येई. दिवाळीला सारे घर माजघरात फराळाला बसे आणि त्यांची बशी आतल्या खोलीत जाई. कोणी त्यांना छळले नाही, उपाशी ठेवले नाही. पण ते घरात होते, असे म्हणायलाही जीभ अडखळते. आपल्यातल्या किती तरी घरांत अशी एक आतली खोली असते. परदेशी गेलेल्या मुलाची उणीव आपण चारचौघांत बोलून दाखवतो. घरातच बसून दूर गेलेल्या माणसाची उणीव मात्र आपण बोलत नाही. ‘तू इथे हवा होतास’ हे वाक्य समोर बसलेल्या माणसालाही म्हणता येते, आणि ते तेव्हा अधिक जड होते.

आता पुन्हा त्या पेटलेल्या माणसाकडे वळू. हे वेष्टन ‘हिप्नॉसिस’ या चित्रशाळेचे. स्टॉर्म थॉरगर्सन आणि ऑब्री पॉवेल हे तिचे चालक. थॉरगर्सन हा वॉटर्स आणि सिड यांच्याच शाळेतला. त्याने या चित्रामागचा विचार सांगितला आहे तो असा : माणसे आपली खरी भावना लपवतात, कारण पोळण्याची भीती असते. आपल्याकडेही दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितोच. शिवाय इंग्रजीत संगीताच्या धंद्यात ज्याचे पैसे बुडाले तो ‘भाजला गेला’ असे म्हणतात, जसे आपण ‘व्यवहारात हात पोळले’ म्हणतो. तबकडीतली दोन गाणी या धंद्याचीच टर उडवतात. एकात तर कंपनीच्या साहेबाला ‘पिंक’ हे संचातल्या कोणा एकाचे नाव नव्हे, हेही ठाऊक नाही. तेव्हा ते हस्तांदोलन म्हणजे सौदा. हातात हात आहे, मन कोणाचेच हजर नाही.

हे चित्र कॉम्प्युटरवर जुळवलेले नाही, हेही सांगितले पाहिजे. कॅलिफोर्नियात बरबँक येथे वॉर्नर ब्रदर्सच्या चित्रपट स्टुडिओच्या आवारात, रॉनी राँडेल या साहसदृश्ये करणाऱ्या नटाला सुटाखाली अग्निरोधक पोशाख चढवून खरोखरच पेटवण्यात आले. वारा फिरला, ज्वाळा तोंडावर आल्या आणि बिचाऱ्याच्या मिशा जळाल्या. अर्थ काढणारे आपण आरामखुर्चीत बसतो, मिशा दुसऱ्याच्या जातात!

गंमत पुढेच आहे. एवढे जिवावर बेतणारे चित्र काढले आणि ते काळ्या प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळून विकायला ठेवले! वर फक्त एक चिकटपट्टी : दोन यांत्रिक हातांचे हस्तांदोलन. अमेरिकेतल्या कंपनीला हे पसंत नव्हते आणि दुकानदारी नजरेने पाहिले तर तिचे काही चुकले नव्हते. पण तबकडीचा विषयच जर ‘नसणे’ हा, तर मुखपृष्ठानेही आधी गैरहजरच असायला हवे.

त्या यांत्रिक हातांच्या मागे चार रंगांचे चार भाग आहेत, पृथ्वी, आप, तेज आणि वायू यांचे. वेष्टनाची इतर चित्रेही तशीच वाटलेली. पेटलेला माणूस म्हणजे तेज. वाऱ्यावर उडणारे लाल वस्त्र म्हणजे वायू. एका सरोवरात सूर मारलेला माणूस, पाय वर, आणि भोवती पाण्याचा एक थेंब उडालेला नाही, तरंगसुद्धा नाही, ते आप. हे चित्र पोस्टकार्डावर छापून तबकडीसोबत दिलेले असे. आणि वाळवंटात उभा असलेला, चेहरा नसलेला एक विक्रेता, ती पृथ्वी. त्याच्या बाह्यांतून हात निघतात, पण मनगटे दिसत नाहीत. नुसता सूट उभा आहे. प्रत्येक चित्रात काही तरी नाही.

युरोपीय परंपरेत महाभूते चारच, म्हणून त्यांचे चार चित्रांवर भागले. पण आपण पंचमहाभूते मानणारी माणसे. पाचवे आकाश कुठे गेले? आपल्या शास्त्रकारांनी आकाशाचा गुण शब्द, म्हणजे ध्वनी, असा सांगितला आहे. म्हणजे वेष्टनावर जे पाचवे चित्र नाही, ते आत आहे. ती तबकडी स्वतःच! हा अर्थ थॉरगर्सनच्या मनात असणे शक्य नाही. तो माझा आहे, आणि तो मी त्याच्या नावावर खपवणार नाही.

वर्गात असे काही सांगितले, की मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, “सर, हे सगळे त्यांनी खरेच योजले होते का?” प्रश्न रास्त आहे. पोळण्याचा अर्थ योजलेला होता, काळे आवरण योजलेले होते. सिडचे त्या दिवशी येणे कोणीच योजलेले नव्हते, पण आज त्यावाचून तबकडी ऐकता येत नाही. माझी कसोटी साधी आहे. काढलेला अर्थ कलाकृतीच्या एकाच कोपऱ्यात बसत असेल तर तो आपला हट्ट. तो शीर्षकाला, चित्राला आणि गाण्यालाही लागू पडत असेल, तर तो कलाकृतीत आहे असे मानायला हरकत नाही. इथे तो पडतो. शीर्षकगीत सुरू होते तेच एखाद्या लहानशा रेडिओवर दुरून ऐकू यावे तसे. गिटारचा आवाज मुद्दाम बारीक, दबलेला ठेवला आहे. मग दुसरी गिटार अगदी जवळून वाजू लागते, जणू खोलीत एकटा बसलेला कोणी त्या रेडिओला साथ करतो आहे. दोघांची जुगलबंदी होते, पण एकजण तिथे नाहीच. आणखी एक नवल. थोर व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली त्या दिवसांत यहुदी मेन्यूहिनबरोबर त्याच स्टुडिओत आले होते. त्यांनी या गाण्यासाठी वाजविले, आणि मूळ तबकडीत ते वादन वाऱ्याच्या आवाजात जवळजवळ हरवून गेले, नावही छापले नाही. २०११ साली ते वेगळे प्रसिद्ध झाले, तेव्हा लोकांना नीट ऐकू आले.

राहता राहिला अनुवाद. इंग्रजीतल्या ‘यू’ने माझी पंचाईत केली आहे. मराठीत आधी ठरवावे लागते, तू की तुम्ही, हवा होतास की हवी होतीस. वॉटर्सने तर पुढे म्हटले होते, की तबकडीचे नाव ‘आपण इथे हवे होतो’ असेही चालले असते, कारण त्या दिवसांत त्या खोलीत आम्ही तरी कुठे मनाने हजर होतो! चौघांत तेव्हाच अंतर पडू लागले होते. २ जुलै २००५ रोजी लंडनच्या ‘लाइव्ह एट’ मैफलीत ते अनेक वर्षांनी एकत्र उभे राहिले आणि हेच गाणे, जे हजर नाहीत अशा सर्वांसाठी, विशेषेकरून सिडसाठी, म्हणून सादर केले. सिड तेव्हा हयात होता, केंब्रिजच्या आपल्या घरात. वर्षभराने तो गेला. २००८ मध्ये राइटही गेला.

मुलांनी सुचवलेले पाच-सहा अनुवाद मी खोडले. ‘तुझी उणीव भासते’ हे शोकसभेतले वाटते, ‘तू इथे हवा होतास’ यात किंचित तक्रार येते. शेवटी मी फळ्यावर लिहिले : ‘तू असतास तर’. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य अपुरे आहे. संकेतार्थाला दोन बाजू लागतात, आणि इथे ‘तर’च्या पुढे काहीच नाही. एका मुलीने विचारले, “सर, पुढचे लिहायचे राहिले का?” मी म्हणालो, “राहू दे.”