जें कोणाच्या मनांतही येत नव्हतें

कांहीं कल्पना खोट्या म्हणून टाकिल्या जातात, कांहीं निषिद्ध म्हणून दाबल्या जातात. पण तिसऱ्याही एका प्रकारच्या कल्पना असतात. त्यांस कोणी विरोध करीत नाहीं. कारण त्या कोणाच्या मनांतच येत नाहींत. अशा एका कल्पनेची, जालना जिल्ह्यांतील, हकीकत आज सांगावयाची आहे.

'बियाणें दरसाल विकत घ्या' असें या भागांतील शेतकऱ्यास पूर्वीं कोणी सांगितलें असतें, तर त्यानें वाद घातला नसता. तो नुसता हंसला असता. सुगींत टपोरीं कणसें निवडावीं, त्यांचे दाणे राख मिसळून मडक्यांत जपावे आणि मृगांत पेरावे, ही रीत. नड पडलीच तर शेजाऱ्याकडून मागावें, नाहींतर सावकाराकडून सवाई-दिढीनें आणावें. बी म्हणजे राखून ठेविलेलें धान्यच. त्यास निराळी किंमत ती कसली?

१९६४ सालीं सी. एस. एच.-१ हा ज्वारीचा संकरित वाण भारतांत प्रसृत झाला. त्याच सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं जालन्यास 'महिको' ही बियाण्यांची कंपनी स्थापिली. दोन भिन्न वाणांच्या संकरापासून झालेली पहिली पिढी जोमदार असते. मात्र तिचेंच बी पुन्हां पेरलें, तर आईबापांचे गुण विखुरतात, झाडें एकसारखीं येत नाहींत आणि उत्पन्न घटतें. म्हणून असें बी प्रतिवर्षीं नव्यानें तयार करावें लागतें व प्रतिवर्षीं विकतच घ्यावें लागतें. हें शेतकऱ्यास पटविलें तें व्याख्यानांनीं नव्हे, तर शेजारच्या शेतांतील भरलेल्या कणसांनीं. १९९८ सालीं बारवाले यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

परंतु हकीकत येथें संपत नाहीं. २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली. तोही आपल्याकडे संकरित वाणांतूनच आला. त्यामुळें कापसाचें बी दुकानांतूनच आणावयाचें, ही आज सर्वमान्य रीत आहे. आतां घरचें बी पेरण्याची गोष्ट काढली, तर तरुण शेतकरीच हंसतो! आजोबांस जी कल्पना सुचली नसती ती नातवाची संवय झाली, आणि आजोबांची संवय नातवास सुचेनाशी झाली.

कापसापुरतें नातवाचें हंसणें योग्य आहे. सोयाबीनची गोष्ट मात्र वेगळी. तें पीक स्वपरागित आहे. सुधारित वाणाचें घरचें बी पुढच्या वर्षीं आपलाच गुण राखतें. २००१ च्या कायद्यानें स्वतःचें बी राखण्याचा, पेरण्याचा व देण्याघेण्याचा हक्क शेतकऱ्यास दिलेला आहे. संरक्षित वाण म्हणून छाप लावून विकण्यास तेवढी मनाई आहे. दाण्याचें टरफल नाजूक असतें, म्हणून मळणी जपून करावी. पेरणीपूर्वीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत गुंडाळून ठेवावे. कांहीं दिवसांनीं सत्तर किंवा अधिक उगवले, तर बी पेरण्यायोग्य समजावें. न उगवले, तर दुकान आहेच.

श्रोतेहो, बी विकतचें चांगलें कीं घरचें, हा वाद मला करावयाचा नाहीं. दोन्ही काळीं उत्तर आधींच ठरलेलें होतें, आणि प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. पिशवी विकत घेण्याआधीं शंभर दाणे भिजवून पाहणें, म्हणजे तो प्रश्न स्वतः विचारणें होय. त्यास खर्च मूठभर दाण्यांचा. आणि त्यावरून जें ठरेल तें मात्र आपण स्वतः ठरविलेलें असेल.