नांदेडच्या बांधीतले दादाजी

नांदेड म्हटलं की गोदावरीकाठचं शहर डोळ्यांपुढे येतं. पण त्याच नावाचं एक लहानसं गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातही आहे. चारी बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि जवळच तळोधीची बाजारपेठ. एचएमटी तांदूळ याच गावात जन्माला आला. विदर्भातलं गिऱ्हाईक किराणा दुकानात शिरलं की आजही सहज एचएमटी मागतं. ज्या शेतकऱ्याच्या बांधीतून हा तांदूळ आला, त्या दादाजी रामाजी खोब्रागडे यांचं नाव मात्र त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं.

दादाजींचं शिक्षण तिसरीपर्यंत. घरची गरिबी, त्यातून लहानपणीच अंगावर पडलेली कामं, त्यामुळे शाळा सुटली ती सुटलीच. झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यातल्या, लहान शेतकऱ्याचं वर्ष ठरलेलं असतं. पावसाच्या तोंडावर रोपांसाठी पऱ्हे टाकायचे, आषाढात कमरेत वाकून रोवणी करायची, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग बांधणी, पुंजणे रचणं आणि चुरणा, म्हणजे मळणी. वर्षभराचं हे कष्टाचं चक्र हजारो घरांत फिरतं. दादाजींचं वेगळेपण एवढंच की कापणीच्या घाईतही त्यांची नजर लोंबीवर असायची.

१९८३ सालची गोष्ट. बांधीत 'पटेल ३' हे वाण उभं होतं. जबलपूरच्या कृषी विद्यापीठातले डॉ. जे. पी. पटेल यांनी विकसित केलेलं हे धान त्या काळी या भागात चांगलं रुळलेलं होतं. त्या पिकात दादाजींना दोन-तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग पिवळसर-करडा, ठेवणही इतरांपेक्षा निराळी. असं वेगळं रोप कुठल्याही शेतात निघतं आणि शेतकरी सहसा त्याला भेसळ समजून सोडून देतो. दादाजींनी त्या लोंब्या खुडल्या, प्लास्टिकच्या पिशवीत बांधल्या आणि घरी जपून ठेवल्या.

पुढच्या हंगामात त्यांनी ते मूठभर दाणे बांधीच्या मधोमध लावले. रानडुकरांचा त्रास मोठा, म्हणून भोवती काटेरी झुडपांच्या फांद्या रोवल्या. त्या वर्षी त्या एवढ्याशा जागेची राखण बाकीच्या शेतापेक्षा जास्त झाली असणार. धानाचं फूल बहुतांशी स्वतःच्याच परागावर फळतं, म्हणून वेगळ्या रोपाचा वेगळेपणा पुढच्या पिढीत टिकण्याची आशा असते. तरी सगळी रोपं एकसारखी येत नाहीत. हवी तशी लोंबी तेवढी निवडायची, तिचं बी वेगळं ठेवायचं, पुन्हा लावायचं, पुन्हा निवडायचं. वर्षाला एकच पीक, म्हणजे चूक कळायलाही वर्ष जाणार. कृषी विद्यापीठांत निवड पद्धत म्हणून शिकवतात ती हीच, आणि तिथे त्यासाठी प्रयोगक्षेत्र असतं, मजूर असतात, पगार असतो. दादाजींनी ती पोटापुरत्या शेतीतून जागा काढून केली. पाच-सहा वर्षं केली.

हाती आलेला दाणा बारीक होता, भात मऊ आणि चवीला चांगला व्हायचा, उताराही भरघोस पडायचा. १९९० मध्ये गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याने दीडशे किलो बियाणं नेऊन चार एकरांत लावलं आणि पन्नास क्विंटल धान घेतलं. ते तळोधीच्या बाजारात गेलं तेव्हा व्यापाऱ्याने नाव विचारलं. वाणाला नाव नव्हतं. त्या काळी एचएमटीचं मनगटी घड्याळ घरोघरी मानाचं होतं, तेच नाव धानाला चिकटलं.

नाव बाजाराने दिलं, आणि बियाणं त्या नावाने गावोगाव गेलं. दादाजींनीही ते कधी अडवून धरलं नाही. मागेल त्याला बी द्यायचं, ही खेड्यातली जुनी रीत त्यांनी पाळली. १९९४ मध्ये अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या लोकांनी प्रयोगासाठी त्यांच्याकडून पाच किलो बियाणं नेलं. १९९८ मध्ये विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' हे वाण प्रसारित केलं. आपण मूळ बियाण्याचं शुद्धीकरण आणि सुधारणा केली, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं. ते मान्य केलं तरी मूळ बियाणं कुणाचं, हा प्रश्न उरतोच. वाणाच्या नावात विद्यापीठाची आद्याक्षरं आली, मूळ वाण शोधणाऱ्याच्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही. शेतकऱ्याने जपलेल्या आणि घडवलेल्या वाणावर त्याचा हक्क मानणारा कायदा देशात झाला तो २००१ मध्ये. तोवर एचएमटी राज्याच्या सीमा ओलांडून गेलं होतं.

याच काळात घरावर मोठं संकट आलं. मुलाच्या आजारपणात उपचारासाठी पैसा उभा करायचा तर विकण्यासारखं एकच होतं, जमीन. दादाजींनी ती विकली. ज्या मातीत वर्षानुवर्षं निवड केली तीच हातची घालवताना त्यांना काय वाटलं असेल, हे कुणाही शेतकऱ्याला सांगावं लागणार नाही. मुलापुढे शेताचा विचार त्यांनी केला नाही. पुढे एका नातेवाइकाच्या मदतीने दीड एकर मिळाली आणि त्या तुकड्यावर पुन्हा लोंब्यांची निवड सुरू झाली. तोच मुलगा नंतर या कामात वडिलांच्या सोबत उभा राहिला.

त्यानंतरच्या वाणांची नावं वाचण्यासारखी आहेत. विजय नांदेड, नांदेड ९२, नांदेड हिरा, नांदेड चिन्नोर, दीपक रत्न, डीआरके. पहिल्या वाणाचं बारसं व्यापाऱ्याने केलं होतं, ही नावं दादाजींची. कुठे गावाचं नाव आलं, तर डीआरकेमध्ये त्यांच्या स्वतःच्या नावाची आद्याक्षरं. ज्याच्या कामावरून नाव एकदा पुसलं गेलं, त्याने आपलं नाव बियाण्यातच पेरून ठेवलं.

मानसन्मान उशिरा आले. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते मिळाला. २०१० मध्ये 'फोर्ब्स'ने ग्रामीण भारतातल्या प्रभावी उद्योजकांच्या यादीत त्यांना स्थान दिलं. राज्य शासनाचा कृषीभूषण पुरस्कारही मिळाला, सोबत सोन्याचं पदक होतं. पुढे अडचणीच्या दिवसांत ते पदक विकायला काढलं तेव्हा सोनं अस्सल नसल्याचं कळलं. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, बोभाटा झाला, मग पदक बदलून मिळालं. पण अशा शेतकऱ्यावर पदक विकायची वेळ का आली, हे त्या गदारोळात फारसं कुणी विचारलं नाही. त्यांच्या धानावर गिरण्या चालल्या, व्यापार झाला, बियाण्याच्या पिशव्या खपल्या, आणि स्वामित्वाचा एक पैसाही नांदेडच्या त्या घरात आला नाही.

अखेरच्या काळात पक्षाघाताने दादाजींना अंथरुणाला खिळवलं. उपचाराच्या खर्चासाठी घरच्यांना पुन्हा धावाधाव करावी लागली. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीजवळच्या शोधग्रामच्या रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. वय ऐंशीच्या घरात होतं. दहा दिवसांनी राहुल गांधी त्यांच्या घरी येऊन गेले आणि देशभरच्या कॅमेऱ्यांनी नांदेड पाहिलं.

ते गेले तेव्हा मृग चार-पाच दिवसांवर आला होता. झाडीपट्टीत बांध्यांची नांगरट चालू होती, धुरे, म्हणजे बांध, नीट केले जात होते. पऱ्ह्यांसाठी घरोघर बियाणं पाखडायला काढलं होतं, त्यात एचएमटीही होतं.