पडद्याचे रंग मोजून लावणारे

हिंजवडी पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात येते. तिथल्या आयटी पार्कमधून पौडच्या बाजूला वळलं की बंगले आणि फार्महाऊस दिसू लागतात. अशा घरांत होम थिएटर बसवून देणारे पुष्कळ. त्याचं चित्र मोजून लावणारे विरळाच. नोकरीचा कंटाळा आलेल्या अभियंत्याला इथे खरोखर वाव आहे.

दुकानाच्या झगझगाटात उठून दिसावा म्हणून टीव्हीचा ‘व्हिव्हिड’ मोड निळसर, भडक ठेवलेला असतो. घरी त्यात माणसांचे चेहरे अनैसर्गिक दिसतात.

चित्र मोजून लावणारा, म्हणजे कॅलिब्रेटर, नुसत्या नजरेवर विसंबत नाही. खोलीत अंधार करून तो पडद्यासमोर कलरिमीटर हा रंग मोजणारा मीटर लावतो आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या राखाडी छटा एकेक करून मोजतो. पांढरा ‘डी६५’ या प्रमाणाशी, म्हणजे साधारण ६५०० केल्विनशी जुळायला हवा. निळा जास्त भरला की मेनूतला ‘ब्लू गेन’ थोडा उतरवायचा, पुन्हा मोजायचं. सॉफ्टवेअरच्या चाचण्यांत मुरलेल्या माणसाला ही चिकाटी नवी नसते. अमेरिकेत जोएल सिल्व्हर यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेली ‘इमेजिंग सायन्स फाउंडेशन’ या कॅलिब्रेशनचं रीतसर प्रशिक्षण देते.

अडचण पैशांची. चांगला मीटर महाग, गिऱ्हाईक तुरळक. शिवाय सिनेमा मूळ रंगांत दाखवण्यासाठी २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ‘फिल्ममेकर मोड’मुळे बरेच नवे टीव्ही मुळातच अचूकतेच्या जवळ असतात. प्रोजेक्टरचं तसं नाही: पडद्याचं कापड, भिंतींचा रंग, मंदावत जाणारा दिवा, सगळंच चित्र बदलतं. त्यामुळे पगार सोडण्याआधी शनिवार-रविवारी प्रोजेक्टरची कामं घेऊन पाहिलेली बरी.