ओसरी, बाकडी आणि रस्ता : परवानगी कोणाची?

तुमसर तालुक्यातील, मध्य प्रदेशच्या सीमेजवळच्या बपेऱ्यासारख्या गावात बांधकामाचा प्रश्न प्रथम ग्रामपंचायतीपुढे येतो, कारण १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातील कलम ५२ नुसार गावाच्या हद्दीत इमारत उभारण्यास किंवा पुन्हा बांधण्यास तिची परवानगी लागते. कलम ५३ सार्वजनिक रस्त्यावरील अडथळे व अतिक्रमणे यांविषयी असून चहाच्या टपरीपुढची बाकडी, रस्त्यात सरकलेली भज्यांची शेगडी आणि वाट अडवणाऱ्या दुचाक्या त्याच्या कक्षेत येऊ शकतात. मात्र बाजाराच्या दिवशी हीच बाकडी गावाची बैठक असतात, हेही निर्णय घेताना ध्यानी ठेवावे लागते.

जुन्या वास्तूंची बाजू अधिक दुबळी आहे. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि त्यापुढे २०० मीटर विनियमित क्षेत्र, म्हणजे पूर्वपरवानगीनेच बांधता येईल असा पट्टा, असतो. मुंबईत १९९५ पासून वारसा वास्तूंची तीन श्रेणींत प्रतवारी होते. पण गावातले मातीच्या भिंतींचे, सागवानी खांबांचे कौलारू घर केवळ जुने आहे म्हणून अशा कोणत्याही यादीत येत नाही, आणि त्याची ओसरी बहुधा रस्ता रुंद करताना सर्वांत आधी जाते.